कागदाचा उंबरा

मयताचे नाव : हमीद शेख, पंचक्रोशीत ‘हमीदभाई फ्रेमवाले’ म्हणून परिचित. राहणार केज, बसस्थानकामागील गल्ली. मृत्यू : श्रावणातील पहिल्या शुक्रवारी सकाळी, राहत्या घरी. लिहून देणार : बबन मारुती गडदे, अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर, लिंबाच्या झाडाखाली. साक्षीदार : एक, माझी थोरली बहीण गंगूबाई, राहणार नेकनूर. दोन, मयताचे धाकटे बंधू सलीमभाई, मोटारसायकल मिस्त्री. तीन, माझी आई कै. सोनाबाई, जी सध्या मयताच्या बंद दुकानात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये आहे.

सारे आयुष्य अर्ज लिहिण्यात गेल्यामुळे मला दुसऱ्या रीतीने सुरुवात करता येत नाही. पेपरच्या या पुरवणीच्या वाचकांनी राग मानू नये. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, पुढचे कचेरीच्या पायरीवर. तरीही या तालुक्यातील निम्म्या घरांची दुःखे माझ्या हातून कागदावर उतरली आहेत, हे मी अभिमानाने नमूद करतो. परंतु त्या शुक्रवारी केळीवाला रशीद गाडा तसाच रस्त्यात सोडून माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “भाऊ, पेन ठेवा. हमीदभाई गेले...” तेव्हा समोरच्या शेतकऱ्याचा अर्ज ‘सबब’ या शब्दावर थांबला. सबब काय, ते मला पुढे सुचेना. शेतकऱ्यानेच माझ्या हातातून कागद काढून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. “जा तुमी,” तो म्हणाला, “माझं शेत कुठं पळून चाललंय?”

आमची शेवटची भेट त्याच आठवड्यातली. आईचे चित्र घेऊन मी दुकानात गेलो होतो. हमीदभाईंनी नेहमीप्रमाणे आधी हात धुतले, ते पंच्याला न पुसता वाऱ्यावर वाळवले, आणि चौकट पालथी ठेवण्यापूर्वी काचेकडे बघून म्हणाले, “अम्मा, जरा हलवतो हां.” मग माझ्याकडे वळून, “वकीलसाहेब, तुमच्या आईला नवा उंबरा पायजे आता. जुना सगळा भरला.” मी वकील नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. परंतु मला ‘अर्जनवीस’ म्हणण्यापेक्षा वकील म्हणून डिवचणे त्यांना जास्त गोड वाटे. मी म्हणालो, “नवमीच्या आधी होईल ना?” त्यावर ते उखडले. “कावून घाई करता? कोर्टाची तारीख हाय का ही?” या उखडण्याचा मला आता फार आधार वाटतो. मरणाऱ्या माणसाचे ते बोलणे नव्हते. वर्षभर पुरेल एवढी भांडणे शिल्लक असलेल्या माणसाचे होते.

हे चित्र आणि हा उंबरा काय प्रकार आहे, ते सविस्तर मांडणे भाग आहे. आमचे घराणे मेंढरामागे फिरणारे. पावसाळा सरला की आई-बाप कळप घेऊन निघत आणि ज्याच्या रानात मेंढरे बसवायची, तिथेच पाल पडे. लेंड्यांनी रान सुपीक होई, बदल्यात आम्हांला धान्य मिळे. अशाच एका वर्षी युसूफ वडगावच्या शाळेमागच्या रानात कळप बसला होता. त्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर संध्याकाळी फिरायला येत. आई चुलीपुढे बसली होती. मास्तरांनी तिच्याच चुलीतला विझलेला कोळसा उचलला, खतांच्या जाहिरातीचे एक मोठे कॅलेंडर उलटे केले आणि तिचे चित्र काढले. डोक्यावरचा पदर, गालाचे हाड, खाली वळलेली नजर. कपाळ मात्र त्यांनी कोरे सोडले होते, कारण जाळाचा उजेड तिथेच पडला होता. आईचा फोटो कधी निघाला नाही. वडील हयात असतानाच, सवाष्णपणी ती गेली. तिचे रूप म्हणून जगात जे काही उरले, ते एवढेच : खताच्या कॅलेंडरच्या पाठीवर चुलीतला कोळसा.

सवाष्ण गेलेल्या बाईचे पितृपक्षात अविधवा नवमीला करतात. अक्का, म्हणजे माझी बहीण गंगूबाई, दर नवमीला ते चित्र ट्रंकेतून काढी, ओल्या बोटाने आईच्या कोऱ्या कपाळावर कुंकू लावी, हळदीचे बोट टेकवी आणि पुन्हा लुगड्यात गुंडाळून ठेवी. अशी कितीतरी वर्षे गेली. कोळसा जागोजाग पुसट झाला, कागद बिस्किटासारखा ठिसूळ झाला आणि कपाळाच्या ठिकाणी कुंकवाने कागद झिजून पलीकडचा उजेड दिसू लागला. तेव्हा मी ठरवले, की घरातील सर्वांत समजदार व्यक्ती या नात्याने आपणच हे चित्र एखाद्या जाणत्या फ्रेमवाल्याकडे सोपवले पाहिजे.

फ्रेमवाला निवडायचा म्हणजे काय बघायचे, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पण चौकशी करणे हा माझा व्यवसाय. मी दुकानादुकानांत जाऊन प्रश्न विचारत होतो. हमीदभाईंच्या दुकानात मात्र माझीच उलटतपासणी झाली. कुठल्या भिंतीला लावणार? भिंतीमागे न्हाणी हाय का? चूल कुठं? ऊन कोणत्या बाजूनं येतं? झाडलोट करताना ओलं फडकं कोण मारतं? आणि शेवटी, “भावाभावांत वाटणी झाली का, राहिली?” मी चिडून म्हणालो, वाटणीचा फ्रेमशी काय संबंध? ते म्हणाले, “संबंध कसा न्हाई? वाटणीत आधी भांडी निघत्यात, मग फोटो. ओढाओढीत काच फुटती.” दुसऱ्या दिवशी ते खरोखर माझ्या घरी आले. बैठकीच्या भिंतीला त्यांनी आपला गाल लावला. बायको आतून बघत होती. तिला वाटले पाहुण्याला भोवळ आली. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे गाल टेकवत ते फिरले आणि देवघराच्या शेजारची, मला सर्वांत मानाची वाटणारी जागा त्यांनी फेटाळली. “ही भिंत आतून रडती. अम्माला इथं न्हाई ठेवायचं.” त्यांनी निवडली ती खोलीच्या कोपऱ्यातली, मी जिच्यावर पंचांग टांगत असे ती कोरडी भिंत.

ते नम्र मुळीच नव्हते. स्वतःच्या कामाची स्तुती ते मोठ्याने आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशी करत. सिरसाळ्याहून एक गृहस्थ आजोबांचा फोटो घेऊन आले होते. वर्षानुवर्षे ओला हार घालून फोटो काचेला चिकटून बसला होता. तो सोडवून नवा लावा, असे गृहस्थांचे म्हणणे. हमीदभाईंनी फोटो उजेडात धरला. “ही काच आता ह्यांची कातडी झाली. काढली तर चेहरा काचेसंगं येईल. काचेसकटच ठेवतो, वरून दुसरी काच, मधी मोकळं.” गृहस्थ म्हणाले, “दुसरा दुकानदार तर काढून देतो म्हणला.” हमीदभाई म्हणाले, “मग त्याच्याकडं जा की. आजा तुमचा हाय, माझा न्हाई. पण मी काढणार न्हाई. जे परत उलटं करता येत न्हाई, ते ह्या दुकानात होत न्हाई.” गृहस्थ बाहेर गेले, रस्ता ओलांडला, थोडा वेळ रसवंतीपाशी उभे राहिले आणि परत आले. हमीदभाईंनी मला डोळा मारला.

एक गोष्ट मात्र ते आपण होऊन प्रत्येकाला सांगत : “मी लाकडाचा मानूस. कागदाला हात ती लावती.” ती म्हणजे जुलेखाभाभी, त्यांच्या पत्नी. दुकानाच्या मागच्या दारातून घर होते आणि त्या दारात भाभींचे पाटाएवढे बुटके टेबल. गव्हाच्या पिठाची खळ त्या रोज ताजी शिजवत, मलमलीतून गाळत. कसर लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. भाभी घालत नसत, कारण त्याने पुढे कागद करपतो. चित्र त्या पुठ्ठ्यावर कधी चिकटवत नसत. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन पट्ट्या लावून ते टांगत. वेळ आली तर पाण्याच्या बोटाने सुटेल, असे. हमीदभाई रंधा मारत आणि भाभी त्यांना पेपरची पुरवणी मोठ्याने वाचून दाखवत. हमीदभाईंना मराठी वाचता येत नव्हते, परंतु मतभेद व्यक्त करता येत होता. लेखकाचे म्हणणे पटले नाही की रंधा जोरात चाले.

आईचे चित्र भाभींनी दोन्ही हातांवर घेऊन उजेडात धरले. मी म्हणालो, “कपाळावरचा तो लाल डाग तेवढा साफ करून घ्या.” भाभींनी पदर सावरला. “डाग कुठाय भाऊ? ही तर बहिणीची बोटं हायत. मी न्हाई पुसणार.” कोळसा काचेला लागला तर निघून येतो, म्हणून चित्राभोवती कापसाच्या लगद्याचा जाड पुठ्ठा मधोमध चौकोनी खिडकी कापून लावायचा, त्याच्या जाडीने काच वर उचललेली राहील आणि काच व कागद यांच्यामध्ये हवा खेळेल, असे ठरले. मला ते पटले. पटले नाही ते अक्काला.

नेकनूरला अक्काच्या ओसरीवर झालेली ती बैठक मी अनेक महसुली सुनावण्यांपेक्षा अवघड मानतो. हमीदभाई, भाभी आणि मी एसटीने गेलो. अक्काने चहा दिला आणि लढाई पुकारली. “काचेच्या आत आई घातली, मग कुंकू कुठं लावू मी?”

“काचेवर लावा की अक्का,” हमीदभाई म्हणाले. “पुसता येतंय.”

“काचेला कुंकू? मी काय दुकानाची पूजा करायली?”

“मग चौकटीला लावा. सागवान हाय. लई भारी हाय.”

“आईचं कपाळ लाकडाचं व्हतं का? बबन, कुठून आणलास रं ह्यांना?”

हमीदभाई चिडले. “अक्का, तुमी असंच बोट लावत राहिल्या ना, तर दोनचार वर्षांत कपाळाच्या जागी भोक राहील. मग भोकाला लावा कुंकू!” अक्काच्या डोळ्यांत पाणी आले. तिचे सारे म्हणणे त्या पाण्यात होते : वर्षातून एकदा आईला हात लागतो, तोही तुम्ही काढून घेता... नेमके हेच पणाला लागले होते. चित्र राखायचे तर बहिणीचे बोट जाते, बोट राखायचे तर चित्र जाते.

मग भाभी उठल्या आणि ओसरी ओलांडून घराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. अक्काने सकाळीच उंबऱ्यावर हळदकुंकवाची बोटे ओढली होती. भाभींनी त्या ओढलेल्या बोटांकडे हात केला. “अक्का, हे कुणाला लावता?”

“लक्षुमीला. घराला.”

“मंग लक्षुमीच्या कपाळाला न लावता उंबऱ्याला लावलेलं तिला पोचतं ना?” अक्का उंबऱ्याकडे बघू लागली. “चित्राच्या भवतीनं जो पुठ्ठा लावते मी, तो कागदाचा उंबराच हाय. दर नवमीला चौकट घेऊन या. मी काच काढून देईन. तुमी आईला बिनकाचेचं बघा, आन् कुंकू उंबऱ्याला लावा. तुमचा हात पार तिच्यापाशी जाईल. भरला की उंबरा मी बदलून देईन. आई तशीच राहील.”

अक्काने बराच विचार केला. मग ती हमीदभाईंना म्हणाली, “असली बायको असून तुमी लाकूडच राहिलात व्हय?” हमीदभाई इतके हसले की चहा सांडला.

तेव्हापासून आमची नवमी केजमध्ये, बसस्थानकामागच्या गल्लीत होत आली. अक्का नव्या लुगड्यात सकाळच्या गाडीने येई. हमीदभाईंनी त्या चौकटीला मागून खिळे मारले नव्हते; फिरत्या पितळी पट्ट्या बसवल्या होत्या. त्या फिरवून ते काच अलगद उचलत आणि काच हातात घेऊनच रस्त्यावर जाऊन उभे राहत. आत बायामाणसांचे काम चालले आहे, असा त्यांचा भाव असे. अक्का पुठ्ठ्यावर, आईच्या चेहऱ्याच्या बरोबर वर, बोट टेकवी. भाभी बाजूला पाण्याची वाटी आणि फडके घेऊन बसत, बोट भिजवून जास्तीचे पाणी टिपता यावे म्हणून. मग दोघी काही वेळ नुसत्या बघत. एकदा गल्लीतल्या कुणीतरी हमीदभाईंना विचारले, “काय बे, तुझ्या दुकानात श्राद्ध कसलं चाललंय?” ते म्हणाले, “तुझं न्हाई ना? मग पुढं हो.”

दफनविधीला मी गेलो होतो. आमच्याकडे देह अग्नीला देतात. कबर इतक्या जवळून मी प्रथमच पाहिली. देह खाली ठेवल्यावर त्याच्या वर आडव्या फळ्या लावतात, म्हणजे माती अंगावर पडत नाही. फळ्या त्यांच्याच दुकानातून आणल्या होत्या. सलीमभाई एकेक फळी खाली देत होते आणि मी बघत होतो, की फळी आणि माणूस यांच्यामध्ये मोकळी हवा राहते आहे... ज्याने आयुष्यभर काच कुणाच्या चेहऱ्याला टेकू दिली नाही, त्याच्या अंगाला मातीही टेकली नाही. मी ओंजळभर माती टाकली. ती फळीवर पडल्याचा आवाज आला.

त्यानंतर भाभी इद्दतीत बसल्या. पती गेल्यावर ठरलेली मुदत बाई घरातच राहते, परक्या पुरुषासमोर येत नाही. दुकानाला कुलूप लागले. काही दिवसांनी सलीमभाई माझ्या टेबलापाशी आले. हातांना ऑइल होते, म्हणून खुर्चीला न टेकता उभेच राहिले. “भाऊसाब, एक पार्टी आलीय, मोबाइलच्या सामानाची. दुकान भाड्यानं द्यावं म्हणतो. भाभीचं बी चालायला पायजे ना? तुमची अम्मा आतच हाय, पुठ्ठ्यात. शटर उघडून देतो, घेऊन जावा.” मी विचारले, भाभींचे काय म्हणणे? ते खाली बघत म्हणाले, “भाभी कायच बोलत न्हाई. तेच तर लई अवघड हाय.” सलीमभाईंवर माझा कोणताही आरोप नाही, हे येथे स्पष्ट करतो. थोरल्या भावाचे घर चालवण्याची जबाबदारी एकाएकी अंगावर पडली की माणूस भाडेकरूच शोधतो.

मी दुसरा फ्रेमवाला शोधायला निघालो. हमीदभाईंनी शिकवलेले प्रश्न पाठ होते. बीडमधल्या एका चकचकीत दुकानात मी विचारले, चित्र पुठ्ठ्याला कशाने लावता? तरुण म्हणाला, “सर, लॅमिनेशनच मारून टाकू. मग आयुष्यभर बघायलाच नको.” मी म्हणालो, बघण्यासाठीच तर लावायचे आहे. अंबाजोगाईत एकाने चित्राचे वर्णन ऐकून मला संगणकासमोर बसवले. “चित्र आणा फक्त. कपाळावरचा डाग जाईल, कागदाचा पिवळेपणा जाईल. साडी बदलून देतो. मागं डोंगर टाकू का बंगला?” मुलगा वाईट नव्हता; माझ्या आईला बंगला द्यावा असे त्याला मनापासून वाटत होते. तिसऱ्याला मी विचारले, वर्षातून एकदा काच काढून द्याल का? त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी उठलोच. चौकट सगळेच करतात. बंद केलेली चौकट पुन्हा उघडायला तयार असलेला माणूस मला कुठे भेटला नाही.

शेवटी मी नेकनूरला जाऊन अक्काला सगळे सांगितले. नवमी आठवड्यावर आली होती. मला वाटले, ती म्हणेल, जा आणि आईला घेऊन ये. ती शेंगा निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “भाभी बसल्यात ना आत?”

“हो. मुदत संपली नाही अजून.”

“मग ह्या वर्षी आई बी बसंल त्यांच्यासंगं. दोघी एकाच घरात हायत. एकलीला सोडून कशापायी उठवायचं तिला?” थोड्या वेळाने तिने विचारले, “त्यांना कुणी बोलाया हाय का रं तिथं?”

या वर्षी आमची नवमी चित्रावाचून झाली. अक्काने पान वाढले, एक पान जास्तीचे वाढले.

इद्दतीच्या काळात भाभींना भेटणे मला शक्य नाही आणि तोंडी निरोपावर माझा विश्वास नाही. ही पुरवणी मात्र त्यांच्या घरी आजही जाते, अशी खात्री मी पेपर टाकणाऱ्याकडून करून घेतली आहे. सबब, पुढील विनंती जाहीरपणे करीत आहे.

श्रीमती जुलेखाभाभी हमीद शेख यांचे सेवेशी. अर्जदार बबन मारुती गडदे व अर्जदार गंगूबाई, दोघे भाऊबहीण, विनंतीपूर्वक कळवतात की, मुदत पूर्ण झाल्यावर आपण मागच्या दारातील आपले टेबल पुन्हा मांडावे. पुढचे दुकान भाड्याने गेले तरी चालेल. लाकडासाठी आम्ही सुतार बघू, कागदासाठी आपल्याशिवाय कोणी नाही. हे आपल्याला जमणार नसेल, हात उठत नसेल, तर तसे कळवण्यात कोणताही संकोच बाळगू नये. मात्र त्या परिस्थितीतही आमचे चित्र आम्हांला परत करू नये. हा अर्ज वस्तू परत मिळण्यासाठी नाही. आमची आई मेंढरांमागे फिरली, दुसऱ्याच्या रानात पाल टाकून राहिली. तिला कुणी उठवले नाही असे घर तिला आपल्याकडेच मिळाले. तिला तिथेच राहू द्यावे. अक्का दर नवमीला येईल, काच असो वा नसो, आणि आपल्यापाशी बसून जाईल.

यावर आपले म्हणणे कळवावे. सलीमभाईंकडे एक शब्द दिलात तरी तो आम्हांला लेखी उत्तराइतकाच मान्य राहील.

आपला नम्र,
बबन मारुती गडदे, अर्जनवीस, केज
गंगूबाई, राहणार नेकनूर (डाव्या हाताचा अंगठा)